प्रो. नानाभाई मूस व अलिबागची चुंबकसूची

गेल्या पावसाळ्यात आमच्या दहावीच्या वर्गात एक जुनाच प्रयोग चालला होता. टेबलावर चुंबकसूची ठेवली होती. ती डोलून डोलून अखेर उत्तरदक्षिण स्थिरावली. मग तिच्या वर सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर, तिच्याच दिशेने, तांब्याची एक तार ताणून धरली व तीतून एक अँपिअरचा विद्युत्प्रवाह सोडला. सूची तत्काळ आपली जागा सोडून सुमारे पंधरा अंश बाजूस वळली. प्रवाहाची दिशा उलटली, तशी ती दुसऱ्या बाजूस वळली. तार चार सेंटिमीटरवर उचलली, तेव्हा विक्षेप जवळजवळ निम्मा झाला. आणखी वर नेली, तेव्हा सूची हलली की नाही हेही नीट दिसेना.

त्या वेळी मागच्या बाकावरील एका मुलाने अशी शंका काढली की, वीतभर अंतरावर जो परिणाम डोळ्यांस दिसतसुद्धा नाही, त्याची मातब्बरी ती काय, आणि त्यापायी कोणाचे काही अडले आहे काय? शंका रास्त होती. आम्ही त्या तासास जे उत्तर दिले ते आमचे आम्हासच अपुरे वाटले. म्हणून ह्या अंकाच्या निमित्ताने, ज्यांचे ह्या परिणामापायी खरोखरच अडले होते व ज्यांनी त्यापायी एक सबंध वेधशाळा समुद्रापलीकडे नेली, त्या गृहस्थांचे चरित्र येथे देत आहो.

तारेतून प्रवाह जात असता तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, हा शोध डेन्मार्क देशातील हान्स ख्रिस्तियन अर्स्टेड ह्यांनी १८२० साली लाविला. अर्स्टेड हे एका औषधविक्रेत्याचे चिरंजीव. कोपनहेगन येथे व्याख्यान देत असता तारेशेजारची सूची हललेली त्यांच्या दृष्टीस पडली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि काही आठवड्यांच्या आतच फ्रान्समध्ये अँपिअर ह्यांनी त्यास गणिताचे रूप देण्यास आरंभ केला. तारेभोवतीच्या ह्या क्षेत्राच्या रेषा वर्तुळाकार असतात. उजव्या हाताने तार अशी धरली की अंगठा प्रवाहाच्या दिशेस राहील, तर वळलेली बोटे क्षेत्राची दिशा दाखवितात. सरळ व लांब तारेपासून अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे होते, दसपट केले की दशांश होते. ते कोठेही एकदम शून्य होत नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्यावरच उभी आहे.

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस ह्यांचा जन्म १८५९ साली मुंबईच्या पारशी समाजात झाला. त्यांचे शिक्षण पुण्यास व पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात झाले. तेथील रॉयल सोसायटीचे सभासदत्वही त्यांस लाभले. स्वदेशी परतल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. ह्या साऱ्या काळाविषयी येथे अधिक लिहीत नाही. कारण ज्या कामामुळे त्यांचे नाव आजही विज्ञानाच्या ग्रंथांत आढळते ते काम कुलाब्यास घडले.

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधिली. मूळ उद्देश आकाशातील ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याचा. परंतु तिची कीर्ती झाली ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या वेधांमुळे. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लेबार ह्यांच्या देखरेखीखाली १८४१ साली हे वेध सुरू झाले. मराठी वाचकास ह्या वेधशाळेचा अभिमान वाटावा असे आणखी एक कारण आहे. ज्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घातला ते बाळशास्त्री जांभेकर काही काळ ह्याच वेधशाळेचा कारभार पाहत होते. आणि ज्यांच्यापाशी पुढे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक गणित शिकले ते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे लोकांच्या तोंडचे केरूनाना, त्यांनी ऐन तारुण्यात येथेच नोकरी करून वेध घेण्याची शिस्त अंगी बाणविली. केरूनानांचा जन्म अलिबागेजवळच्या नागाव येथील. हे गाव ध्यानात असू द्यावे, कारण आमची कथा फिरून त्याच किनाऱ्यास लागणार आहे.

चुंबकीय वेध म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पृथ्वी स्वतः एक प्रचंड चुंबक आहे. तिचे क्षैतिज बल, म्हणजे होकायंत्राच्या सूचीस उत्तरेकडे ओढणारे बल, मुंबईच्या बाजूस सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला इतके भरते. (ज्यास आज नॅनोटेस्ला म्हणतात त्यास पूर्वीचे लोक गॅमा म्हणत, माप एकच.) हे बल स्थिर नसते. शांत दिवशीही सकाळपासून दुपारपर्यंत ते चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांनी चढते व पुन्हा उतरते. म्हणजे हजारात एखाद्या भागाची घालमेल! ती टिपण्यासाठी एक लहान चुंबक बारीक धाग्याने टांगतात, त्यास इवलासा आरसा चिकटवितात व त्यावर दिव्याची तिरीप सोडतात. चुंबक केसभर वळला तरी परावर्तित किरण दूरच्या कागदावर चांगलाच सरकतो. आरंभी हे सरकणे माणसे डोळ्यांनी पाहून वहीत उतरवीत, आणि तेही ठराविक घटकेस, रात्रंदिवस, सणावारासही. १८७० नंतर छायाचित्राचा कागद फिरत्या नळकांड्यावर चढवून यंत्राकडून आपोआप रेघ काढविण्याची सोय झाली. चार्ल्स चेंबर्स ह्या विद्वानाने दीर्घकाळ ही व्यवस्था सांभाळिली.

१८९६ साली चेंबर्स निवर्तले व त्यांच्या जागी मूस ह्यांची नेमणूक झाली. जांभेकरांनी मध्यंतरी कारभार पाहिला होता हे खरे. परंतु संचालक ह्या नात्याने ती गादी कायमची चालविणारे पहिले भारतीय मूसच होत. ते वर्ष मुंबईस फार वाईट गेले. त्याच वर्षी शहरात ग्रंथिज्वराची साथ उद्भवली, लोक घरेदारे टाकून पळू लागले. अशा धामधुमीच्या काळात मूस ह्यांच्या हाती अर्धशतकाची अखंड नोंद आली. पुढे तिच्या जोडीस भूकंपमापक यंत्रही त्यांच्या कारकीर्दीतच कुलाब्यास बसले. तथापि त्यांच्यापुढील खरा पेच जमिनीच्या पोटातून आला नाही. तो शहराच्या रस्त्यावरून आला.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत असे व तिचा एक फाटा थेट कुलाब्यास येई. विसाव्या शतकाच्या तोंडाशी घोडे काढून टाकून ट्राम विजेवर चालविण्याचा विचार पक्का होऊ लागला. नगरास ती सोय हवीच होती. घोड्यांचे हाल थांबणार होते, गाड्या जलद धावणार होत्या, गिरणीकामगारास व कारकुनास वेळेवर पोहोचता येणार होते. पण ट्रामची वीज म्हणजे एकदिश प्रवाह. वरच्या तारेतून तो गाडीत येतो, मोटार फिरवितो व रुळांवाटे परत जातो. आपल्या वर्गातील तार व ट्रामची तार ह्यांत जातीचा भेद मुळीच नाही, मापाचा मात्र आहे.

आपण हिशेब करून पाहू. शंभर अँपिअरचा प्रवाह वाहणारी लांब सरळ तार दहा मीटरवर असेल, तर तिचे क्षेत्र दोन हजार नॅनोटेस्ला होते. शंभर मीटरवर दोनशे. एक किलोमीटरवर वीस. आता वर सांगितलेली दिवसाची चढउतार आठवा. ती सारी मिळून चाळीस-पन्नास. म्हणजे निसर्गाचे जे सूक्ष्म अक्षर वाचावयाचे, त्याच्या निम्म्या उंचीचा फराटा एक तार किलोमीटरभर दुरून त्यावर ओढू शकते. कोणी म्हणेल की रुळांतून परतणारा प्रवाह उलट दिशेचा असल्याने दोहोंची क्षेत्रे एकमेकांस खोडून काढतील. बरेच अंशी ते खरेही आहे. परंतु रूळ जमिनीवर पडलेले; त्यांतील प्रवाहाचा काही भाग ओलसर मातीत, नळांत, खाडीच्या पाण्यात झिरपतो व वाटेल त्या वाटेने परततो. हा भटका प्रवाह खोडला जात नाही. त्यातून प्रत्येक गाडी सुटताना प्रवाह एकदम वाढणार, थांबताना एकदम पडणार, आणि हे दिवसभर शेकडो वेळा. छायाचित्राच्या कागदावर सुबक रेघेऐवजी नुसती करवत उमटावयाची.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या शेतात पंपाकडे जाणाऱ्या तारांजवळ होकायंत्र नेऊन पाहणाऱ्या मुलांस काहीच विक्षेप दिसत नाही व ती निराश होतात. त्याचे कारण, तो प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तने करतो. जड सूची एका बाजूस वळण्यापूर्वीच क्षेत्राची दिशा उलटलेली असते. ट्रामचा एकदिश प्रवाह तसा नव्हता, आणि सारा अनर्थ त्यातच होता.

हे संकट एकट्या मुंबईवर आले होते असे नाही. कॅनडातील टोरोंटो शहरात विजेची ट्राम आली व तेथील चुंबकीय यंत्रे १८९८ साली अ‍ॅजिनकोर्ट ह्या खेड्यात हलवावी लागली. लंडनजवळची क्यू येथील प्रसिद्ध वेधशाळाही ह्याच रोगाने ग्रासली व तिचे चुंबकीय काम १९०८ साली स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर ह्या निर्जन जागी गेले. मूस ह्यांचे वैशिष्ट्य आमच्या मते हे की, मुंबईत स्थलांतर ट्राम येण्यापूर्वी पुरे झाले. घर जळू लागल्यावर विहीर खणण्याची पाळी येथे आली नाही.

नवी जागा कशी हवी होती? मुंबईपासून इतकी दूर की तारेचे क्षेत्र तेथे नगण्य व्हावे. पण इतकी जवळ की जुन्या नोंदीशी नवी नोंद जोडता यावी. समुद्राकाठी व मुंबईसारख्याच हवेची असली तर उत्तम. आणि जेथे नजीकच्या काळात रेल्वे, गिरणी वा ट्राम येण्याचा संभव नाही अशी. ह्या सर्व कसोट्यांस अलिबाग उतरले. मुंबईपासून ते सुमारे तीस किलोमीटर, मध्ये समुद्र. शंभर अँपिअरच्या एकट्या तारेचे क्षेत्रही तितक्या अंतरावर एका नॅनोटेस्लाहून कमी भरते, आणि जाणारा व येणारा प्रवाह दोन्ही जमेस धरले तर तेवढेही उरत नाही.

परंतु जागा मिळाली म्हणजे काम संपले नाही. घर बांधावयाचे होते. आपल्या जानेफळात पाहा, विहिरीची बांधणी असो की जुन्या घराचे जोते असो, सर्वत्र काळा फत्तर. आपण येथे मेहकरच्या बाजूस व ते तेथे समुद्रकाठी, पण खडक एकाच कुळीचा. प्राचीन ज्वालामुखींच्या रसापासून घडलेला व लोहयुक्त खनिजाने भरलेला. त्या खनिजामुळे हा दगड स्वतःच किंचित चुंबकीय असतो. आमच्या शाळेतील मुलांनी असा एक गोटा होकायंत्राजवळ फिरवून पाहावा. प्रत्येक गोट्याने नाही, पण एखाद्याने सूची हलेल. असल्या दगडाच्या भिंतीत सूक्ष्म चुंबकसूची ठेवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. म्हणून अलिबागच्या इमारतीसाठी काठेवाडातून पोरबंदरचा दगड आणविला. तो चुनखडीचा, लोहरहित. बांधकामात लोखंडी खिळा, बिजागरी, कडीकोयंडा काहीही नाही. जेथे धातू लागला तेथे तांबे व पितळ, बाकी लाकूड. यंत्रांच्या खोलीत उष्णतामानही सारखे राहावे अशी योजना होती, कारण चुंबक तापला की त्याचे बळ घटते.

लोखंडाच्या बाबतीत एवढा सोवळेपणा कशास, असे ज्यांस वाटेल त्यांच्यासाठी आमचीच फजिती सांगतो. पदवीच्या वर्गात असता आम्ही चुंबकीय बल मोजण्याचा एक प्रयोग आठवडाभर करीत होतो व दररोज निराळे उत्तर येत होते. शेवटी जोडीदाराच्या ध्यानात आले की ज्या दिवशी खोलीचे कुलूप लावण्याची पाळी आमची असे, त्या दिवशीच उत्तर बिघडे. किल्ल्यांचा जुडगा आमच्या खिशात होता. आठवडा फुकट गेला, आणि त्याचे कोणास काही वाटले नाही. कुलाब्याच्या नोंदीत आठवडा फुकट गेला असता, तर तो पुन्हा कोणासही भरून काढता आला नसता. अमुक साली अमुक दिवशी पृथ्वीचे चुंबकत्व कसे होते, हे एकदाच पाहता येते.

१९०४ साली अलिबागेस वेध सुरू झाले. पण मूस ह्यांनी कुलाब्याची यंत्रे लगेच बंद केली नाहीत. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेविल्या. आमच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील सर्वांत शहाणपणाचे कृत्य हेच. दोन ठिकाणांच्या आकड्यांत थोडाफार फरक असावयाचाच. तो फरक किती व कसा, हे एकत्र मोजून ठेवले नसते तर १९०४ पूर्वीची नोंद व नंतरची नोंद ह्या दोन सुट्या वह्या झाल्या असत्या. दोन वर्षांच्या दुहेरी श्रमाने त्या एका धाग्यात शिवल्या गेल्या. १९०६ साली कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले, आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. नगरास गाडी मिळाली व विज्ञानाची रेघ अखंड राहिली. कोणी कोणाची वाट अडविली नाही. पुढे १९२५ साली मुंबईत आगगाड्याही विजेवर, आणि त्याही एकदिश प्रवाहावर, धावू लागल्या. तेव्हा कुलाब्यास ही यंत्रे असती तर त्यांची काय दशा झाली असती, ह्याची कल्पना करवत नाही.

ह्यानंतर मूस ह्यांनी जे हाती घेतले ते अधिक कंटाळवाणे व अधिक मोठे काम. १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या साऱ्या नोंदी त्यांनी तपासल्या, यंत्रे बदलली तेथे दुरुस्त्या काढल्या, सरासऱ्या मांडल्या, आणि १९१० साली त्यांचा दोन भागांचा जाडजूड ग्रंथ सरकारकडून प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात आकडे व यंत्रांची हकीकत, दुसऱ्यात त्यांवरील विवेचन. तो काळ आकडेमोड करणाऱ्या यंत्रांचा नव्हता; बेरीज, वजाबाकी, सरासरी सर्व माणसांच्या हातची.

त्या विवेचनात एक फार महत्त्वाची गोष्ट आली. सूर्यावर खळबळ झाली म्हणजे पृथ्वीवर कधीकधी चुंबकीय वादळ येते. सूची अस्वस्थ होऊन वेडीवाकडी हलते. प्रत्येक वादळ निराळे दिसते. पण मूस ह्यांनी पुष्कळ वादळे एकत्र ठेवून त्यांची सरासरी काढली, तेव्हा गोंधळाखाली एक ठाम आकार दिसू लागला. क्षैतिज बल पुष्कळ खाली उतरते व नंतर, वादळ शमल्यावरही, दिवसचे दिवस हळूहळू मूळ पातळीस येते. पुढे सिडनी चॅपमन ह्या गणिती पंडितांनी चुंबकीय वादळांची उपपत्ती मांडिली, तेव्हा मुंबईच्या ह्या ग्रंथाचा त्यांस आधार झाला.

हे बल का उतरते, ह्याचे उत्तर पुढील अनेक दशकांत स्पष्ट होत गेले, आणि ते वाचून आमच्या मागच्या बाकावरील मुलास बहुधा हसू येईल. पृथ्वीपासून हजारो कोस उंचीवर, तिच्या त्रिज्येच्या कित्येक पटी अंतरावर, विद्युत्भारित कणांचा एक प्रचंड वलयाकार प्रवाह पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. वादळात तो बळावतो. आता उजव्या हाताचा नियम लावून पाहा. अशा वलयाच्या आत उत्पन्न होणारे क्षेत्र विषुववृत्ताजवळ दक्षिणेकडे जाते, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या उत्तरेकडील क्षेत्राच्या नेमके उलट. म्हणून सूचीवरील बल घटते. आणि शांत दिवसाची ती सकाळ-दुपारची चढउतार? तीही सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील हवेतून सूर्यप्रकाशामुळे वाहणाऱ्या प्रवाहांचीच. ट्रामच्या तारेभोवतीच्या क्षेत्रापासून पळून मूस ह्यांची यंत्रे अलिबागेस गेली, आणि तेथे निवांत बसून ती जे मोजीत राहिली तेही प्रवाहाभोवतीचेच क्षेत्र. तार तेवढी आकाशात होती, आणि ती तांब्याची नव्हती.

मूस ह्यांनी सुमारे तेवीस वर्षे हा कारभार वाहिला. १९१९ च्या सुमारास ते निवृत्त झाले व १९३६ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. मुंबईची ट्राम त्यांच्यामागे अठ्ठावीस वर्षे धावली व ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. कुलाबा व अलिबाग येथील ह्या कार्यातून १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली. तिचे मुख्य ठाणे आज नवी मुंबईत पनवेलनजीक आहे. अलिबागची वेधशाळा मात्र आहे त्याच जागी आहे व आजही वेध घेत आहे.

ज्या वर्षी मूस जन्मले त्याच वर्षी, १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी, ज्ञात इतिहासातील अतिशय उग्र असे एक चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. युरोपअमेरिकेत तारायंत्रांची कामे बंद पडली. कुलाब्यास त्या दिवशी कोणी तरी कर्मचारी दिव्याच्या उजेडात नळीतून मोजपट्टीकडे पाहत बसला होता व आकडा वहीत उतरवीत होता. बल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली गेले. त्या पाहणाराचे नाव आम्हापाशी नाही. पण विषुववृत्ताकडील प्रदेशातून त्या वादळाचा असा आकडा मिळतो तो ह्याच वहीत, आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी ते वादळ किती मोठे होते हे ठरविण्यासाठी तीच वही पुन्हा उघडली.